आतून कडी

पावतीरावांनी बिझनेस स्कूलला अर्ज करायचं ठरवलं ते एका फोटोमुळे. (लोक ध्येयाने पेटून शिकायला जातात म्हणे. इथे तसं काही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं.) स्कूलच्या माहितीपुस्तिकेत अकराव्या पानावर वसतिगृहातल्या खोलीचा फोटो होता. एक कॉट, एक टेबल, एक खिडकी आणि दाराला आतून कडी. पावतीरावांनी मोबाइलवर दोन बोटांनी ती कडी मोठी करून पाहिली आणि त्यांना भरून आलं.

पावतीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पंपाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि पावतीशिवाय त्यांनी आजवर कोणाला एक वॉशरसुद्धा दिला नव्हता. एकदा खुद्द मालकांना त्यांनी साध्या बल्बसाठी दोनदा परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा सही चुकीच्या रकान्यात होती. आलेला माल मोजून घ्यायचा, नोंदवायचा, आणि मागणीपेक्षा एखादा नग जास्त आला तरी परत न पाठवता ठेवून घ्यायचा, हा स्टोअरचा कायदा त्यांना तोंडपाठ होता.

बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांना स्वतःची खोली मात्र कधी मिळाली नाही. लहानपणी एका खोलीत पाच भावंडं, पुढे संसार. त्यात जगभर साथ पसरली, कारखाना बंद झाला आणि अडीच खोल्यांच्या घरात सगळे एकदमच गोळा झाले. बायको विमा कंपनीत होती. ती स्वयंपाकघराच्या टेबलावरून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐके, त्यामुळे नवऱ्याची तक्रार ऐकायला तिला सवड नसे. लेकीची शाळा बाहेरच्या खोलीत भरे. उरलेल्या छोट्या खोलीत सासूबाई होत्या, आणि आतून कडी असलेलं दार घरात तेवढंच. (बाथरूमला कडी होती, पण चौथ्या मिनिटाला कोणीतरी दार वाजवीच.)

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे बाईच म्हणत, पोटची मुलगीसुद्धा. त्या आठ दिवसांसाठी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गाड्या बंद झाल्या, त्याला आता चार महिने होत आले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं, आणि त्याखाली घराचे नियम. भांडी, केर, फरशी, भाज्या धुणे, या सगळ्या रकान्यांत एकच नाव होतं, कारण घरात मोकळा माणूस एकच होता.

साथीमुळे त्या वर्षी स्कूलने प्रवेशपरीक्षा रद्द केली होती. म्हणून तर पावतीरावांची हिंमत झाली. परीक्षेऐवजी एक शिफारसपत्र हवं होतं, आणि तेही उमेदवाराने या संकटाच्या महिन्यांत ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केलं, त्यांचंच. पावतीरावांनी आपल्या मॅनेजरना फोन लावला.

“चार महिन्यांत मी तुमचं तोंड पाहिलेलं नाही,” मॅनेजर म्हणाले. “मी काय लिहून देऊ? तुम्ही घरी छान बसता म्हणून?”

दुसऱ्या कोणी एखाद्या मित्राला साहेब बनवून पत्र लिहून घेतलं असतं. पण पावतीराव पडले नियमाचे. या महिन्यांत आपण कोणाच्या हाताखाली काम केलं, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर समोर भिंतीवरच लावलेलं होतं. त्यांनी अर्जात वरिष्ठांच्या रकान्यात बाईंचं नाव घातलं, हुद्दा ‘निवृत्त मुख्याध्यापिका’ असा लिहिला आणि हात पुसून, अर्ज पुढे धरून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मी एकतीस वर्षं लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले, जावईबापू. पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही. पंधरा दिवस तपासणी होईल. नातं मध्ये आणायचं नाही.”

“तुम्हाला अक्कल कधी येणार हो?” बायकोने हेडफोनवर हात ठेवून विचारलं आणि लगेच पलीकडच्या ग्राहकाची माफी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून बाई वही घेऊन त्यांच्या मागे फिरू लागल्या. पावतीरावांनीही कंबर कसली. ते सहाला उठू लागले. भांडी त्यांनी आकाराप्रमाणे लावली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर आवक-जावक लिहायची चिठ्ठी चिकटवली. बायकोने चहाला साखर घेतली तेव्हा त्यांनी तिच्याकडे सही मागितली, आणि त्या दिवशी चहा मिळाला नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. लिहिताना त्यांचा चेहरा इतका कोरा असे की कौतुक की कानउघाडणी, काही कळायला मार्ग नव्हता.

तेराव्या दिवशी दारात एक छोटं पार्सल आलं. बाई आत पडल्या होत्या, बायको फोनवर होती, लेक वर्गात. पार्सल कशाचं आहे हे पावतीरावांनी पाहिलं नाही, कारण ते पाहा असं वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं. नियम क्रमांक दोन मात्र ठळक होता: बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू वीस मिनिटे साबणाच्या पाण्यात ठेवणे. ‘प्रत्येक’खाली दोन रेघा होत्या. त्यांनी खोका फोडून फेकला, आतली डबी बादलीत सोडली, तरंगू नये म्हणून वर तांब्या ठेवला आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं म्हणजे वीस, एकोणीस नाहीत.

डबीत बाईंचं कानाचं यंत्र होतं. दीड महिन्यापूर्वी दुरुस्तीला गेलेलं, तालुकाभर फोन करकरून कसंबसं परत मिळालेलं.

पावतीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ते पुसलं, झटकलं, केस वाळवायच्या यंत्राने शेकलं. त्यातून साबणाचा एक फुगा आला, बाकी काही नाही. आता आपली कॉट, टेबल, खिडकी, सगळं याच बादलीत बुडालं, हे त्यांना दिसत होतं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी बोटाने भिंतीवरचा नियम क्रमांक दोन दाखवला. खाली बाईंची सही होती. बाईंनी नियम वाचला. मग बादलीत पाहिलं. मग वही उघडली आणि दोन पानं भरून लिहिलं. यंत्र पुन्हा दुरुस्तीला गेलं.

पत्र बाईंनी बंद खोलीत लिहिलं आणि नातीकडून फोटो काढवून परस्पर पाठवलं. गोपनीय म्हणजे गोपनीय. पावतीरावांनी लेकीला खूप विचारून पाहिलं. ती फक्त हसायची, आणि दोन दिवस जेवतानासुद्धा हसत होती.

तरीही मुलाखतीचं बोलावणं आलं. अर्थातच व्हिडिओवर. त्या अर्ध्या तासापुरती बाईंनी आपली खोली दिली. पावतीरावांनी आत जाऊन कडी लावली आणि क्षणभर नुसते उभे राहिले. बाहेरचा कुकर, शाळा, विमा, सगळं लांब गेलं. आपल्याला हे हवंच आहे, आणि या वयात हवं असण्यात लाज कसली, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

पडद्यावर तिघे होते. मधल्या प्राध्यापिका वयस्कर होत्या. त्यांनी कागद उचलला. “तुमच्या वरिष्ठांनी लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “‘उमेदवार कष्टाळू, प्रामाणिक आणि वेळेचा पक्का आहे. सांगितलेलं शब्दशः करतो. त्यामुळेच माझं कानाचं यंत्र वीस मिनिटं साबणाच्या पाण्यात होतं. याला शिक्षणाची तातडीने गरज आहे. जागा असेल तर याला आधी घ्यावं, हुशार मुलं थांबू शकतात.’” त्यांनी वर पाहिलं. “हे खरं?”

“नियम लेखी होता,” पावतीराव म्हणाले. मग त्यांना बादलीत वाकलेल्या बाई आठवल्या. “पण मी विचारायला हवं होतं. त्या शेजारच्याच खोलीत होत्या.”

“आमच्याकडे का यायचंय?”

नेतृत्व, दूरदृष्टी वगैरे उत्तर त्यांनी आठवडाभर घोकलं होतं. ऐन वेळी त्यातलं एक अक्षर आठवेना. “तुमच्या पुस्तिकेत अकराव्या पानावर खोली आहे,” ते म्हणाले. “तिला आतून कडी आहे.”

डावीकडच्या प्राध्यापकांच्या मांडीवर एक मूल चढत होतं आणि मागे कोणीतरी मिक्सर लावला होता. “मी समजू शकतो,” ते हळूच म्हणाले.

पंधरा दिवसांनी प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. पावतीरावांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. बायकोचे डोळे भरले, आणि पावतीरावांचेही. बाईंचं यंत्र त्याच सकाळी परत आलं होतं (या वेळी बाईंनी स्वतः दारात उभं राहून घेतलं), त्यामुळे त्यांना शेवटची ओळसुद्धा स्पष्ट ऐकू आली. वसतिगृह साथीमुळे पुढील सूचनेपर्यंत बंद असून संपूर्ण अभ्यासक्रम विद्यार्थ्यांनी आपापल्या घरून करायचा होता.

पावतीराव मटकन खुर्चीत बसले. मग बाई उठल्या. “माझ्या खोलीत अभ्यास करा,” त्या म्हणाल्या. “टेबल आहे, कॉट आहे, खिडकी आहे. कडीही आहे.”

पावतीरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना वाकून नमस्कार केला. पहिल्या वर्गाच्या दिवशी ते वही-पेन घेऊन वेळेआधी दहा मिनिटं खोलीत शिरले. टेबलाशेजारी दुसरी खुर्ची मांडलेली होती आणि तिच्यात बाई बसल्या होत्या. मांडीवर तपासणीची वही होती.

“कडी लावून घ्या,” बाई म्हणाल्या. “मध्येच कोणी यायला नको. दोन वर्षं तुमच्या अभ्यासाची जबाबदारी माझी, असं मी पत्रात लिहून दिलंय.”

पावतीरावांनी कडी लावली. मागितलेला सगळा माल बरोबर आला होता. फक्त एक नग जास्त होता, आणि तो ठेवून घेणं भाग होतं.