न्हाणीघरातल्या सिगारी

परसातलं जुनं न्हाणीघर सिगारींसाठी हवं, असं देवदत्त भाटकरांनी जाहीर केलं तेव्हा कमळाताईंचा विळीवरचा हात थांबला.

"अख्खी खोली? विड्यांना?"

"विड्या नाहीत गो, सिगारी. त्यांना श्वास घ्यायला जागा लागते."

"मला या घरात कधी लागली नाही ती?"

देवदत्त जन्मभर बोटीवर फिटर होते. निवृत्तीच्या दिवशी कॅप्टन सबनीसांनी स्वतःच्या हातानं त्यांना क्यूबाच्या सिगारींची पेटी दिली होती. असा मान अख्ख्या मिऱ्या गावात कुणाला मिळाला नव्हता. तिला सोबत म्हणून बंदराबंदरातून जमवलेल्या आणखी पेट्या होत्या. स्वतः देवदत्तांनी एकही ओढली नव्हती, कारण धुरानं त्यांना ठसका लागे. पण पावसाळ्यात साहेब रत्नागिरीला येणार होते, आणि त्यांच्याच पेटीतली सिगार, दिली तशी ताजी, त्यांच्यापुढे धरायची हे देवदत्तांनी मनाशी पक्कं केलं होतं. आता इथल्या पावसात भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीलासुद्धा बुरशी येते, तिथं सिगारीचं काय!

मग चिऱ्याच्या भिंतींना आतून लाकडी फळ्या बसल्या, दाराला रबर लागलं, हवेतली ओल ओढणारं यंत्र आलं. भिंतीवर ओल मोजणारा एक काटा लावला. "काटा सत्तरच्या वर गेला तर बुरशी, फार खाली गेला तर सिगार फुटते," देवदत्त येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. यंत्राच्या टाकीत जमलेलं पाणी कमळाताई रोज अळवाला घालत.

आषाढात सगळ्या वाडीचं मीठ पाझरू लागलं, पोहे मऊ पडले. कमळाताई पाणी ओतायला न्हाणीघरात शिरल्या आणि थबकल्या. तिथली हवा कोरडी ठणठणीत होती. त्यांनी पापडांचा डबा आत ठेवला. संध्याकाळी पापड कुडकुडीत!

दुसऱ्या दिवशी आमसुलं आली, मग फणसपोळी. हे शेजारच्या सखूआतेच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. तिनं आपली आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली सुकी मासळी, सरळ डोक्यावरून आणली.

"आते, सुकट नको! सिगारी वास धरतात!"

"मेल्या, तुज्या मुंजीत मी पाच पायल्या तांदूळ निवडले. आज माज्या बोंबलांना कोपरा नाय?"

सखूआतेला कोपरा दिला, मग पलीकडच्या घरातल्या कुसुमला नाही कसं म्हणायचं? कुसुमला दिला तर तिच्या जावेनं काय घोडं मारलं होतं? आठवडाभरात न्हाणीघरात बोंबील, सोडे आणि सुकट छतापर्यंत चढली. सिगारीच्या पेट्या खाली कुठंतरी श्वास घेत होत्या.

अशात एका दुपारी फोन वाजला. "देवदत्त, सबनीस बोलतोय. पालीला चहा घेतोय. पोचतोच."

देवदत्तांनी फोन टाकला आणि धूम ठोकली. "कमळे! मासळी बाहेर काढ!"

"बाहेर पाऊस ओततोय, कुठं काढू?"

"ओटीवर!"

"ओटीवर साहेब बसतील ना?"

पण तोवर वाडीतल्या बायका धावल्या होत्या. भराभर बोचकी ओटीवर पडली, दोन सुटली, आणि कुणाचे बोंबील कुठले यावरून सखूआते आणि कुसुम पदर खोचून उभ्या राहिल्या. इकडे वास मारायला देवदत्तांनी न्हाणीघरात भसाभस धूप घातला. धूर कोंडला, देवदत्त ठसकत बाहेर आले, तर दारात गाडी उभी!

कॅप्टन सबनीस सुकटीतून वाट काढत खुर्चीत बसले. देवदत्तांनी पेटी उघडून पुढे धरली. साहेबांनी एक सिगार उचलली. नाकाखालून फिरवली. पुन्हा फिरवली.

"देवदत्त, हिला बोंबलाचा वास येतोय."

देवदत्तांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "चूक झाली, सर. तुम्ही दिलेली वस्तू मला जपता आली नाही."

"मी दिली होती?" साहेबांनी पेटी उलटसुलट पाहिली आणि खो खो हसत सुटले. "अरे, ही मला एका एजंटानं बळंच दिली होती. मी कुठं ओढतो? घरी नेली असती तर बायकोनं मलाच पेटवलं असतं. म्हणून बोटीच्या जिन्यात जो पहिला भेटला त्याच्या हातात कोंबली!"

बाहेर पन्हळ वाजत होती. देवदत्तांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"तो मी होतो, सर," ते हळूच म्हणाले.

"चांगलं झालं की! दुसरा भेटला असता तर आज मी इथं आलो असतो का? वहिनी, ते बोंबील भाजता का जरा?"

बोंबील भाजले, भात झाला, साहेबांनी तीनदा वाढून घेतला. बोचकी पुन्हा बांधताना सखूआते ओरडली, "बघा गो, औंदा सोड्यात एक किडा नाय! या तंबाखूच्या वासाचीच करामत!" आणि तिनं हात घालून एक क्यूबाची सिगार आपल्या बोचक्यात खुपसली. कुसुमनं दोन घेतल्या. कमळाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

देवदत्तांनी पेटी घेतली आणि ते खाली बसले. एकेका बोचक्याची गाठ सोडून आत सिगार ठेवत ते पुढे सरकू लागले. साहेबांच्या गाडीत ठेवायच्या बोंबलांच्या पुडक्यात मात्र त्यांनी दोन घातल्या.

"पुण्यापर्यंत जायचंय," ते म्हणाले, "वाटेत कीड लागायला नको."