थंड का नॉर्मल?

रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, कुत्री गटारीत जाऊन बसली होती, आणि आमचे शेजारी दगा नाना शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावून ओट्यावर बसले होते.

"नाना, काय ऊन पडलंय!" मी म्हटलं.

त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. "नॉर्मल शे."

मी धुळ्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. विशेषण नामाबद्दल जास्तीची माहिती देतं, असं पोरांकडून घोकून घेतो. नानांचं हे एकुलतं एक विशेषण मात्र समोरच्या नामातली सगळी हवा काढून घेतं. पूर, पाहुणे, ताप, लग्न, सगळ्यांना तोच एक शब्द पुरतो. मी तर त्यापुढे हातच टेकले आहेत.

हा शब्द त्यांना धंद्याने दिला. सोनगीर फाट्यावर त्यांचं कोल्ड्रिंकचं दुकान. कुणी पाण्याची बाटली मागितली की नाना विचारणार, "थंड का नॉर्मल?" फ्रिजमध्ये गेलं नाही ते नॉर्मल, इतकी साधी व्याख्या. पुढे त्या व्याख्येत त्यांनी अख्खं जग बसवलं.

एकदा पुण्याहून माझा मेव्हणा आला. नानांनी त्याला शेवभाजी खायला घरी बोलावलं. रश्श्यावरचा लाल तवंग बघून बिचाऱ्याने भीतभीत विचारलं, "तिखट कितपत आहे?"

"नॉर्मल."

पहिल्या घासाला मेव्हण्याचे कान लाल झाले, दुसऱ्याला आवाज गेला. तो नुसतेच हातवारे करायला लागला. नाना धावत आत गेले, दोन्ही हातांत दोन बाटल्या घेऊन आले आणि अदबीने म्हणाले, "थंड का नॉर्मल?"

मागे एक ट्रक ब्रेक न लागून त्यांच्या दुकानात घुसला. नाना थोडक्यात वाचले. फ्रिज मात्र शेजारच्या बाजरीच्या शेतात जाऊन पडला. मी पोचलो तेव्हा नाना कपाळाला रुमाल दाबून पत्नीशी, म्हणजे आमच्या अक्कांशी, फोनवर बोलत होते. "काही नई. बठ्ठं नॉर्मल शे."

अक्कांच्या मोबाइलवर तोवर कुणीतरी फोटो पाठवला होता. त्यांचा आवाज मला लांबून ऐकू आला, "मंग फ्रिज बाजरीमा काय करी ऱ्हायना?"

यंदा अक्कांच्याच गळ्यावर गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. विचारणाऱ्या प्रत्येकाला नाना सांगत, "नॉर्मल गाठ शे." पण दुकानात ते गिऱ्हाइकाला "थंड देऊ?" एवढंच विचारायचे. पुढचा शब्द तोंडातून निघत नव्हता. ते ऐकून मला पहिल्यांदा नानांची काळजी वाटली.

रिपोर्ट आणायला मी सोबत गेलो. अक्का बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कागद वाचून हसल्या आणि म्हणाल्या, "नाना, रिपोर्ट नॉर्मल आहे."

नानांनी हात जोडले. "ताई, दुसरा शब्द सांगा ना. हाऊ ते मी बी बठ्ठास्ले सांगस."

हा शब्द तर ते स्वतःच सगळ्यांना सांगत आले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीचा मास्तर, पण मलाही दुसरा शब्द सुचेना. शेवटी बाईंनीच खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश सांगितलं, "कॅन्सर नाही. अक्कांना काही झालेलं नाही."

आम्ही बाहेर आलो. अक्का उठून उभ्या राहिल्या. "काय सांगं डॉक्टरनी?"

"नॉर्मल."

अक्कांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तुमनं, का डॉक्टरनं?"

"डॉक्टरनं," नाना म्हणाले, आणि भर दवाखान्यात हमसून हमसून रडायला लागले.

बाकांवरचे लोक दचकले. कुणीतरी पाणी घेऊन आलं, कुणी काय झालं म्हणून विचारायला लागलं. अक्कांनी नानांना बाकावर बसवलं, पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "काही नई. नॉर्मल शे."