लांजेवारकाकांची गाडी आणि माझा पेरू

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत एक गाडी आहे. ती रोज दुपारी सुरू होते आणि कुठेही जात नाही. फार तर तलावाला एक चक्कर मारते आणि परत येऊन तिथंच उभी राहते. गाडी लांजेवारकाकांची. जुनी, पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी. शेजारच्या सीटवर मेश्रामकाका, त्यांचे नोकरीतले जोडीदार. दोघंही रिकामटेकडे, आणि पेट्रोल जाळायला तलाव बरा सापडलाय, असं मी बायकोला नेहमी म्हणायचो.

गाडीत आणखी राहायचे ते उंदीर. काकांपेक्षा त्यांचाच तिच्यावर हक्क जास्त.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, पण बोलणं अजून कंट्रोल रूममधलंच. गाडी बंद पडली की ती ‘ट्रिप’ होते. काकूंचा घसा बसला तर ‘हिचं लोड कमी झालं’. वायरी कुरतडल्या गेल्या तेव्हा मेकॅनिक म्हणाला, गाडी दोन दिवस गॅरेजला ठेवा, सगळं वायरिंग नीट करून देतो. काका त्याच्यावरच उखडले. “एका दुपारचं बी शटडाऊन नाही भेटणार. इथंच कर, उभ्या उभ्या.” तलावाच्या चकरेवाचून यांचं असं काय अडत होतं, देव जाणे. मंत्र्याचा दौरा रद्द होतो, यांचा नाही.

उंदरांबद्दल काकांचं एकच म्हणणं होतं, की ते माझ्या पेरूच्या झाडावरून येतात. झाडावरून भिंतीवर, भिंतीवरून बोनेटमध्ये. सकाळी मी चहा घेऊन अंगणात आलो की पलीकडून आवाज यायचाच, “काहून गा, झाड कधी कापून राहिला?” पेरू मात्र पिशवीभर न्यायचे, आणि वरून सांगायचे की यंदा गोडी कमी आहे.

उपाय तरी किती केले! डांबराच्या गोळ्या टाकल्या, तर काकांचेच डोळे चुरचुरले. तंबाखूची पानं ठेवली. मग बोनेटमध्ये लाल तिखट भुरभुरलं आणि इंजिन सुरू केलं. त्या दिवशी उंदीर सोडून अख्खी गल्ली शिंकत होती. शेवटी कुठून तरी एक मांजर आणून आत कोंडली. मांजर मागच्या सीटवर, उंदीर बोनेटमध्ये, दोघांचं बरं जमलं. मांजर तिथंच व्याली, आणि काकू महिनाभर दूध पुरवत बसल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. त्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीच्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, आणि रोगराई, इडापीडा घेऊन जा म्हणून लोक तिच्यापुढे ओरडतात. काका गाडी घेऊन थेट मिरवणुकीच्या रस्त्याला गेले. बोनेट उघडलं आणि भर गर्दीत घसा फोडून ओरडले, “उंदीर, घुशी घेऊन जा गे मारबत!” मारबत गेली. उंदीर राहिले. गाडीही राहिली, कारण ऐन वेळी वायर तुटली. मी आणि गल्लीतल्या चौघांनी ती ढकलत घरी आणली. काका आत बसून आम्हाला कुठं जोर लावायचा ते सांगत होते.

परवा मी सुट्टी घेऊन घरी होतो. गाडी सकाळपासून बंद, मेकॅनिक डॅशबोर्डखाली डोकं घालून बसलेला. त्यानं आतून एक घरटं बाहेर काढलं. सीटचा काथ्या, मफलरचे धागे, आणि त्यात पोळीचे वाळके तुकडे, शेंगदाणे, चिवडा. पेरूची एक बी नव्हती. अशी संधी मी सोडतो काय? भिंतीवर रेलून विचारलं, “काका, माझ्या झाडाला चिवडा कधीपासून लागला?”

मेकॅनिकनंही तेच सांगितलं, जे गल्लीतलं शेंबडं पोर सांगत होतं. गाडीत खाणं बंद करा, उंदीर आपोआप जातील. काका म्हणाले, “ते सोडून बोल.”

तेवढ्यात मेश्रामकाका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टिफिन, आणि दंड धरून त्यांची सून. मेश्रामकाकांना हल्ली काही आठवत नाही, एवढं मला ठाऊक होतं. ते सवयीनं डाव्या सीटवर बसले आणि टिफिन मांडीवर ठेवला. सून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, गाडी सुरू होईल ना हो आज? घरी ते ताटाला हात लावत नाहीत. ड्युटीला जायचं आहे, गाडीत जेवीन, म्हणतात. इतकी वर्षं सेकंड शिफ्टला जाताना दोघं असेच गाडीत जेवायचे. आता इंजिनचा आवाज आला तरच डबा उघडतात. मागं एकदा दिवसभर गाडी बंद होती, तर रात्रीपर्यंत पोटात अन्नाचा कण नव्हता.

मी भिंतीवरून सरळ झालो.

काका किल्ली फिरवत होते. इंजिन नुसतं कण्हत होतं. “लांजेवार,” मेश्रामकाका म्हणाले, “शिफ्ट चुकन ना गा.”

“नाही चुकत,” काका म्हणाले. गल्लीभर ओरडणारा हा माणूस इतक्या हळू बोलू शकतो, हे मला माहीतच नव्हतं.

मेकॅनिकनं कुठलीतरी वायर दाबून धरली आणि गाडी धडधडली. मेश्रामकाकांनी डबा उघडला. पहिला घास नीट गेला. दुसऱ्याला हात हलला आणि मूठभर चिवडा सीटच्या फटीत सांडला. ते चोरी पकडली गेल्यासारखे काकांकडे बघायला लागले.

“सांडू दे गा,” काका म्हणाले. “जेव तू.”

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. डोळे लाल झाले होते, आणि त्या दिवशी तर तिखटही टाकलेलं नव्हतं. “पाहून काय राहिला? किती डाव सांगितलं तुले, ते झाड काप म्हणून.”

“हो काका,” मी म्हटलं. “उंदीर माझ्याच झाडावरचे आहेत.”