अर्धं वय अधिक चार

कापगते सरांना वय विचारू नये. एकदा दवाखान्यात नर्सनं विचारलं, तर म्हणाले, "माझं अर्धं वय घ्या, त्यात चार मिळवा, चाळीस होतात." नर्सनं मुकाट्यानं चाळीस लिहिलं. सर बत्तीस वर्षांनी तरुण होऊन घरी आले.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, आमच्या गल्लीत ते एकटेच राहतात. रिटायर झाल्यापासून दर रविवारी दुपारी ओसरीवर बायकांना बीजगणित शिकवतात. फक्त बायकांना, आणि फुकट. आम्ही चौघी जायचो. मी अंगणवाडीत मदतनीस. चाळिशीत दहावीला बसले होते.

पहिल्या दिवशी सरांनी तराजू मांडला. एका पारड्यात तोंड बांधलेली पिशवी आणि तीन कंचे, म्हणजे काचेच्या गोट्या, दुसऱ्यात आठ कंचे.

"पिशवीले भेऊ नका. तिच्यात आकडा हाये, वाघ नाई. दोन्हीकडून तीन-तीन काढा. एकीकडूनच काढसान तं पारडं रुसते."

काढले. पिशवीसमोर पाच उरले. "हे पिशवी म्हणजे एक्स!" असं म्हणून सर एवढे खूश झाले, की जणू त्यांनाही उत्तर आत्ताच कळलं.

किरनापूरहून बसनं येणाऱ्या शांताबाईंनी विचारलं, "सर, एक्स पाचच हाये, तं सीधा पाच काहून नाई लेहत?"

आम्ही तिघी खो खो हसलो. शांताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि वही मिटली.

सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "वही उघडा, बाई. लय चांगला सवाल हाये. पाच हाये हे आपल्याले आता समजलं. समजत नोतं तवा त्याले काही तं म्हणा लागते ना?" त्या एका प्रश्नावर ते तासभर बोलले. शांताबाईंनी मान हलवली, तेव्हाच उठले.

सगळ्या गेल्यावर मी कंचे गोळा करत होते. म्हटलं, "सर, आमचं चुकलंच. हसायले नोतं पायजे."

सरांनी पिशवीची गाठ सोडली.

"आमच्या हिनंही एकडाव हेच इचारलं होतं. लग्नाले वर्सही झालं नोतं. मी पोरांच्या वह्या तपासत होतो. हसलो. म्हटलं, तुले कायले पायजे हे?"

"मंग?"

"मंग काई नाई. चाळीस वर्सं संसार केला तिनं. पुन्हा कधी काईच इचारलं नाई." त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले. "उत्तर तं मले येत होतं ना, बाई."