चौथं शील

पौर्णिमेच्या दिवशी वामनकाकाजींना काही विचारू नये, हे आमच्या आसगावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना तेवढं माहीत नव्हतं. ते लाखांदूरहून माझी चौकशी करायला आले ते नेमके पौर्णिमेला, आणि शिरले तेही नेमके काकाजींच्याच दारात. काकाजी पांढरे कपडे घालून चटईवर बसले होते. म्हणाले, "पोरगा निर्व्यसनी हाय. पर नऊशिवाय उठत नाइ, आन् कामाचं नाव काढलं का त्याचं पोट दुखते." पाहुणे चहाही न घेता परत गेले. सोयरीक मोडली ती मोडलीच. दुसऱ्या दिवशी मी तणतणत भांडायला गेलो, तर काकाजी म्हणतात कसे, आज आले असते तर मी तुला कलेक्टर करून टाकलं असतं.

काकाजी आमचे शेजारी, एसटीचे रिटायर कंडक्टर. एरवी महिनाभर माणूस बिनदिक्कत थापा मारायचा. पण पौर्णिमेला उपोसथ. सकाळी विहारात आठ शीलं घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाळायची. बारा वाजल्यानंतर जेवण नाही, खाटेवर बसणं नाही, आणि चौथं शील म्हणजे खोटं बोलणं नाही. तीस वर्षांत त्यांची एक पौर्णिमा चुकली नाही. ड्युटीवर असले तर साडेअकरालाच डबा उघडायचे, चालत्या गाडीत, उभ्याने, एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात तिकिटं.

विहारात ते चाळीस माणसांच्या सतरंज्या अंथरायचे. यायची सहा-सात. त्या सहा-सातांनाही "पुढे सरका, मागे जागा करा" म्हणून दाटीवाटीने बसवायचे. ध्यान संपलं की डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचे, "डबल बेल." आम्ही पोरं बाहेर हसून हसून लोळायचो.

शांताकाकीला मात्र हा दिवस फार सोयीचा. या दोघांना मूलबाळ नाही, त्यामुळे भांडण काय आणि प्रेम काय, सगळं एकमेकांशीच. महिनाभराचे संशय काकी साठवून ठेवायची. लाइटबिल खरंच भरलं का, माझ्या भावाला तुम्ही काय बोललात, असं एकेक पौर्णिमेला चहा ठेवता ठेवता बाहेर काढायची. काकाजी मान खाली घालून सगळं कबूल करायचे.

मागच्या उन्हाळ्यात काकीचं पोट दुखायला लागलं. मीच दोघांना नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी काकीला बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं, आता करण्यासारखं काही नाही, चार-पाच महिने धरा. काकाजी बाहेर आले आणि तिला म्हणाले की आतड्याला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. इतक्या सफाईने म्हणाले की मलाच क्षणभर खरं वाटलं. काकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसून मला म्हणाली, "राहू दे. पुनवेले विचारीन."

पौर्णिमा नऊ दिवसांवर होती. त्या नऊ दिवसांत काकाजी कॅलेंडरकडे बघायलाही घाबरत. एकदा सायकल काढून पवनीला गेले, भंतेजींना विचारायला, की एखादा उपोसथ सोडला तर चालतो का. भंतेजी म्हणाले, ते ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे. काकाजी परत आले ते भंतेजींवरच चिडून. "इच्छेवर काहून सोडते हे लोक?"

पौर्णिमेला विहाराचं कुलूप निघालंच नाही. संध्याकाळी मी काकीच्या गोळ्या घेऊन गेलो, तर काकाजी चौकड्याचा शर्ट घालून चक्क खाटेवर बसले होते. मांडीवर ताट, ताटात भात आणि वांग्याची भाजी. पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास ढकलत होते. "वाढ अजून," असं मोठ्याने म्हणाले. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शीलं घेतलीच नाहीत म्हणजे आता खोटं बोलायला मोकळे. काकीने हातात भाताचा चमचा घेऊन एकदा त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. मग वाढलं आणि एवढंच म्हणाली, "जेवा पोटभर." विचारलं काहीच नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. मला वाटलं, चला, सुटलो. माझ्यासारखा गाढव मीच.

धान कापणीला आलं तेव्हा काकी गेली.

त्यानंतर विहाराचं कुलूप परत निघालं, पण कोणीच येईना. काकाजी एकच सतरंजी अंथरून एकटे बसलेले मला बघवेनात, म्हणून मी जायला लागलो. शीलं ते सांगत, मी मागोमाग म्हणत असे. पहिल्याच दिवशी ते तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर गेले. विसरले असतील असं वाटून चौथं मी एकट्यानेच मोठ्याने म्हटलं. ध्यान झालं, पण डबल बेल झाली नाही.

"तिनं विचारलंच नाइ रे," ते एकदम म्हणाले. "मले संध्याकाळी जेवताना पाह्यलं, तवाच तिले समजलं. मंग मरेपर्यंत मले 'आज बरं वाटून राहिलं' म्हणत राह्यली. मनातलं बोलाले तिले मीच ठेवलं नाइ कोणी."

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुले काही बोलली होती का? भेव लागते म्हणून?"

बोलली होती. दिवाळीच्या आधी दवाखान्यातून परत येताना ऑटोत माझा हात घट्ट धरून म्हणाली होती, "लय भेव लागते रे बापू. पर तुह्या काकाजीले सांगू नको. ते जेवत नाइत मंग."

आणि चौथं शील तर मी तासाभरापूर्वीच घेतलेलं, तेही मोठ्याने. काय करावं माणसाने?

"नाइ काकाजी," मी म्हणालो. "काहीच नाइ बोलली. निवांत होती."

त्यांनी मान हलवली, सतरंजी झटकली आणि घडी करून कपाटात ठेवली.

आता दर पौर्णिमेला आम्ही दोघं विहारात बसतो. काकाजी तिसऱ्यावरून पाचव्यावर जातात, आणि मीही त्यांच्या मागोमाग जातो.