उजव्या खांद्याची हवा

"धुळीने आजवर अनेकांच्या डोळ्यांत धूळ फेकली. मी मात्र धुळीलाच धूळ चारली!" तपासनीस साहेब कुठल्याही कारखान्यात पाऊल टाकताना स्वतःची ओळख अशी करून देत. त्यांची नोकरी कामगारांच्या नाकात किती धूळ जाते ते मोजण्याची. पण चालणं, बोलणं आणि संशय घेणं अट्टल गुप्तहेराचं. मागून यंत्रांच्या दोन्ही पेट्या उचलून मदतनीस बाई. गुडघे त्यांचेच दुखत.

या वेळी लाकूडकामाचा कारखाना होता. पॉलिशपेपरने फळ्या घासणाऱ्या काकांच्या उजव्या खांद्यावर धूळ मोजणारा जुना सॅम्पलर, डाव्या खांद्यावर नवा. दोघांनी दिवसभर सारखीच हवा ओढायची आणि आतल्या चकतीवर सारखीच धूळ जमवायची. पण नवा म्हणे, धूळ मर्यादेच्या दुप्पट! जुना म्हणे, छे, सगळं आलबेल.

"जुनाच बरोबर असणार," मालकीणबाई घाईने म्हणाल्या. नवा खरा ठरला, तर धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवणं भाग होतं. काका खोकले. तो खोकला मदतनीस बाईंच्या काळजात रुतला.

साहेबांनी भिंग काढलं. "नवा सॅम्पलर तरुण आहे. तरुणांना बढाया मारायची सवय असते."

"साहेब, दोघांचे खांदे बदलून पाहू या का?"

"इतकी सोपी युक्ती गुन्हेगाराच्या लक्षात येणार नाही का, बाई?"

गुन्हेगार कोण, ते बाईंनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप खांदे बदलले. संध्याकाळी चकत्यांचं वजन केलं, तर आता नवा म्हणे आलबेल आणि जुना म्हणे दुप्पट!

साहेबांनी डोळे मिटले. "म्हणजे दोष यंत्राचा नाही, खांद्याचा! या माणसाच्या उजव्या बाजूची हवाच सात्त्विक आहे."

"मग मी डावीकडूनच खोकतो का, साहेब?" काकांनी भाबडेपणाने विचारलं.

साहेब ते टिपून घेऊ लागले. तेवढ्यात झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पाय उचला. आणि हवेचं काय घेऊन बसलात? याच्या उजव्या खांद्यावर दिवसभर घाम पुसायचं फडकं असतं. तुमच्या यंत्राच्या तोंडावरच लोंबतं ते."

"अशक्य! मी कधीच पाहिलं नाही!"

"तुम्ही आलात की काढून ठेवतो," काका ओशाळले. "मोठी माणसं येतात, बरं दिसत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. दिवसभर धूळ गाळत होतं ते फडकं!

तिसऱ्या दिवशी फडकं खिळ्याला टांगलं. दोन्ही सॅम्पलर एका सुरात बोलले: दुप्पट. मालकीणबाईंनी एकदा आकड्यांकडे पाहिलं, एकदा खोकणाऱ्या काकांकडे, आणि यंत्रणा बसवणाऱ्यांना फोन लावला. पंधरवड्यात घासकामाच्या टेबलावर जाडजूड नळी बसली. काका दिवसभर घासून घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "आज जेवणाला चव आहे."

साहेबांनी बाईंना अहवालाचा मजकूर सांगितला: "माझ्या तीक्ष्ण नजरेतून फडकं सुटलं नाही..."

बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'शोध: झाडलोट करणाऱ्या मावशी.'

साहेबांनी न वाचताच झोकदार सही ठोकली.