दगा आप्पांची सुई

दगा आप्पा कुणाच्या घरी गेले की आधी पाणी मागत नसत, बसायला सतरंजीही मागत नसत. सरळ चुलीपाशी जात, टोपीच्या काठात खोचलेली सुई काढत आणि तिच्यात दोरा ओवायला बसत. भर दुपारी, दिवा न लावता दोरा ओवला गेला तर घर पास. नाही गेला तर धोतर झटकून उठत आणि मालकाला विचारत, "हाई घर शे का पेटी?"

मी नंदुरबारला शाळामास्तर म्हणून आलो ते दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधी. तेव्हा आप्पांनी साठी ओलांडली होती. जन्मभर गवंडीकाम केलेलं. काम सुटलं, खोड सुटली नव्हती. त्यांना हा अधिकार कुणी दिला होता, देव जाणे! नगरपालिकेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तरी नवी खोली घ्यायची तर भाडेकरू आधी आप्पांना घेऊन जात, आणि आप्पा गल्लीत दिसले की घरमालक दार लोटून घेत.

मला एक शंका होती. एकदा धीर करून विचारली, "आप्पा, दोरा जात नाही हा दोष घराचा की तुमच्या डोळ्यांचा?" ते रागावले नाहीत. मला अंगणात नेलं आणि एका झटक्यात दोरा ओवून दाखवला. "आते बोला, मास्तर."

पुतणीचं लग्न ठरवायला ब्राह्मणपुरीला गेले, तेव्हा बाकीची मंडळी वावर पाहत होती, बैलांचे दात पाहत होती. आप्पा सुई घेऊन स्वयंपाकघरात. सुपारी फोडायची वेळ झाली तरी हे बाहेर येईनात. शेवटी धुराने भरलेले डोळे पुसत आले नि म्हणाले, "पोऱ्या चांगला शे, वावर चांगलं शे. पन पोर ते चूलपुढे बठी ना?" सुपारी तशीच राहिली. वरबाप आठ दिवस धुसफुसला, मग मुकाट्याने भिंत फोडून खिडकी बसवली. पुतणी त्या घरात सुखात नांदली.

मला हे सगळं मोठं गमतीचं वाटे. पण माझ्याच बायकोचे दिवस भरत आले आणि गंमत संपली. तिला माहेर उरलं नव्हतं, बाळंतपण इथंच व्हायचं होतं. आमची खोली चिंधूशेठच्या मिरचीच्या कोठाराला लागून. खिडकी नाही, धुराला वाट नाही. आप्पा आले, चुलीपाशी बसले, सुई काढली आणि ओळीने सात वेळा शिंकले. दोरा कुठे पडला तोही सापडेना.

ते तडक चिंधूशेठकडे गेले. "शेठ, भित फोडा. बाई बायतीन व्हनार शे."

"खिडकी पाडी ते मन्ही मिरची चोर लई जातीन," शेठ म्हणाले. "आनि बायतीनले वारा लागी. अंधारीच खोली जोईजे तिले."

बाळंतिणीला अंधारात कोंडायचं, ही तर घरोघरची रीत. शेठच्या बोलण्यावर जमलेल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. आप्पा तसेच माघारी वळले. एरवी ते तासभर भांडले असते. मला मात्र रात्रंदिवस एकच धास्ती: या धुरात, मिरचीच्या या खकाण्यात माझी माणसं जगतील का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा बैलगाडी घेऊन दारात. "सामान भरा. मन्हा घर चाला."

त्यांच्या घरात मी प्रथमच पाऊल टाकत होतो. आत एक खोली होती. चुना काढलेली, पूर्वेला ऐसपैस खिडकी, चुलीवर धुराडं, आढ्याला पाळण्याची कडी. आप्पांची गोधडी मात्र बाहेर ओट्यावर.

"ही खोली कुणासाठी बांधली, आप्पा?"

"सूनसाठे. पन ती उनीच नई."

एकुलता मुलगा सुरतेला गिरणीत होता, तिथंच चाळीत संसार. दोन नातवंडं झाली होती, आप्पांनी एकही पाहिलं नव्हतं. दर दिवाळीला ते खोलीला चुना काढत. एवढे दिवस मी या माणसाला हसत होतो.

तिथं राहायला गेल्यापासून त्यांची पत्रं मीच लिहू लागलो. प्रत्येक पत्रात एक प्रश्न ठरलेला: "खोलीले खिडकी शे का?" उत्तरात पाऊसपाणी असे, तब्येती असत, खिडकीचं कधीच नसे.

पंधरा दिवसांनी, सकाळी, आम्हाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आप्पा ओट्यावर मान खाली घालून बसले होते. रडणं ऐकू आलं तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मास्तर, सुरतले कागद लिखा."

मी खिडकीचा प्रश्न आधीच लिहून ठेवला. आप्पांनी हात हलवला. "ते खोडा. लिखा, आते काई इचारत नई. पोरेसले एक डाव दखाडी जाय."

नातवंडांना एकदा दाखवून जा, एवढंच मी लिहिलं आणि खाली त्यांचा अंगठा घेतला. शाई वाळायच्या आत आप्पा तो कागद घेऊन टपालाकडे निघाले.